नाव परत देण्याचा कायदा

गोदा,

आजही बसस्टँडवर बसमध्ये चढल्या चढल्या मी शेजारच्या सीटवर रुमाल टाकला. तुझा स्टॉप आला, दार उघडलं, शाळेच्या दोन पोरी चढल्या, दार लागलं. एका बाईनं विचारलं, "हितं कोन हाय का?" मी रुमाल उचलून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाले, "कुणी न्हाई, बसा." एवढंच. कंडक्टरनं झिरो तिकीट दिलं, ते मी नेहमीसारखं घडी करून घड्याळाच्या पट्ट्यात खोचलं.

तू गेल्यावर मला काही वाटेनासं झालं होतं. हे ऐकून तूच सगळ्यात जास्त हसली असतीस. गॅदरिंगच्या नाटकात पोरगं खोटं खोटं मेलं तरी टीचरच्या डोळ्याला पदर, म्हणून स्टाफरूममध्ये तू माझी नक्कल करायचीस. आणि तुला दवाखान्यातून घरी आणलं, दारात ठेवलं, उचललं, नेलं, तेवढ्या वेळात मी काय केलं माहीत आहे? आलेल्यांना पाणी दिलं. दारातल्या चपला ओळीनं लावल्या. दुसऱ्या दिवशी तुझ्या वर्गाचे मराठीचे पेपर तपासायला घेतले आणि संपवलेसुद्धा. हेडमास्तर म्हणाले, "सुजाता टीचर, तुम्ही लई धीराच्या." धीर कसला, हातपाय चालत होते आणि मी त्यांच्या मागून जात होते.

लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. हुशार होती, मनमिळाऊ होती. मनमिळाऊ! शाळेत एक शिक्षक उरला नसेल ज्याच्याशी तू भांडली नाहीस. माझ्याशी तर रोज, जाताना अर्धं भांडण आणि येताना उरलेलं.

पहिलं भांडण त्या झिरो तिकिटाच्याच दिवसांतलं आठवतं. बायकांना बस फुकट झाली आणि कंडक्टर आधार कार्ड बघायला लागले. तुझ्या कार्डावर वैशाली. मागच्या सीटवरच्या पोरी मात्र ओरडत होत्या, "गोदावरी टीचर, हिकडं या, हिकडं जागा हाय." कंडक्टरनं कार्ड पाहिलं, तुला पाहिलं आणि विचारलं, "हे कार्ड कुणाचं आणलाव?" सगळी बस हसली. तू नाही हसलीस. खाली उतरल्यावर मी म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घ्यायलीस?" तर तू माझ्यावरच उखडलीस. दहावीच्या सर्टिफिकेटवर गोदावरी, नोकरीत गोदावरी. आणि लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'वैशाली' लिहिलं म्हणून कार्डावर वैशाली. दोन्ही बायका एकच आहेत हे पटवून देता देता तुझी निम्मी नोकरी गेली होती.

"मी माझं नवं नाव तांदळात वाचलं," तू म्हणालीस, "आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याच तांदळाची खिचडी टाकली. मी पण खाल्ली."

आमच्यात ते तांदळाचं ताट नसतं. बीदरला मैलूरच्या विहारात बुद्धवंदना झाली, आम्ही एकमेकांना हार घातले, संपलं. सुजाता होते, सुजाताच राहिले. म्हणून तू म्हणायचीस, "तुला काय कळणार?" आणि मी म्हणायचे, "आम्हाला नाव विचारतात ते आडनाव कळावं म्हणून. तुला काय कळणार?" त्यावर तू गप्प बसायचीस. माझ्यापुढं तू गप्प बसलीस अशा जागा फार नाहीत, म्हणून ही लक्षात आहे.

गोष्ट त्यातूनच आली. त्याआधी आपण रीतसर वाटेनं जाऊन पाहिलं होतं. शनिवारी शाळा सकाळची, परतीची बस दुपार उलटल्यावर, मधला वेळ आपण गावातल्या कडक भाकरीच्या शेडमध्ये काढायचो. पंधरा-वीस बायका भाकऱ्या थापायच्या, भाजायच्या, वाळवून पाकिटात भरायच्या. तिथंच आपण तालुक्याहून एक वकीलबाई आणल्या होत्या. त्यांनी भिंतीवर तक्ता लावला. मालमत्तेत वाटा, मारहाणीविरुद्ध तक्रार, लग्नाचं वय, सगळं नीट समजावलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग एकीनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "टीचर, ह्या बाईला लेकरं किती?"

परत येताना बसमध्ये तू म्हणालीस, "हक्क सांगून कुणी जागं होत न्हाई, सुजा. हक्क गेल्यावर कसं दिसतंय ते दाखवायला पाहिजे. पुढचं. पार पुढचं. ऐकून भ्यायला पाहिजेत."

आणि जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर तू लिहायला बसलीस.

पुढच्या काळातलं एक गाव. तिथं एक कचेरी, नावघर. लग्नाच्या दिवशी मुलीनं बापाबरोबर तिथं जायचं आणि आपलं नाव जमा करायचं. नवरा देईल ते वापरायचं. जुन्या नावानं कुणी हाक मारली तर त्या घराचं रेशन बंद. पुढं पुढं नावघरात आणखी गोष्टी जमा व्हायला लागतात. आधी बाईची सही. मग माहेरची वाट. म्हणजे रस्ता तसाच असतो, पण तिला तो आठवत नाही. मग 'नाही' हा शब्द. आणि बाई मेली की कचेरीचा माणूस येतो, दारात उभा राहतो आणि तिचं खरं नाव तीनदा मोठ्यानं उच्चारतो. लेकरांना आईचं नाव तेव्हा पहिल्यांदा कळतं.

आपल्या आसपासचं कुणी अंगावर ओढून घेऊ नये म्हणून गाव तू सीमेपलीकडच्या राज्यात टाकलंस, उमरग्याच्या अंगाला. मी तेव्हा म्हणालेसुद्धा, बरं केलंस.

पहिल्या शनिवारी तू वाचलंस आणि बायका हसल्या. तू एवढी घाबरवायला बसलेली, आणि त्या पीठ उडेपर्यंत हसल्या. तव्यापाशी बसलेली चंद्रक्का म्हणाली, "नाव जमा करून घेतेत तर घेऊ द्या की. आमचं कवाच घेतलंय, पावती बी दिली न्हाई." बसमध्ये तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "मी सुचेल तेवढं वाईट लिहिलं," तू म्हणालीस, "आणि ह्या म्हणतात, आमच्यापेक्षा बरं हाय."

पण 'नाही' जमा होतो तो भाग आला त्या शनिवारी थापायचे आवाज एकेक करून थांबले. तव्यावरची भाकरी कुणी उलटली नाही. धूर झाला, मुकादमीण ओरडत आली. करपलेल्या भाकऱ्या आपण दोघींनी घरी नेल्या. तेव्हापासून तुझं मोजमाप ठरलं; भाकरी करपली की गोष्ट चांगली. एखाद्या शनिवारी सगळ्या भाकऱ्या पांढऱ्याशुभ्र निघाल्या की तू आठवडाभर कागद खोडत बसायचीस.

मग ते झालं. बसमध्ये शेजारी बसलेली एक अनोळखी बाई मला सांगायला लागली, "टीचर, उमरग्याकडं नवा कायदा आलाय म्हनं. लग्नाच्या आदी पोरीचं नाव हापिसात जमा करून घ्यायलेत." मी हसू दाबून विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? "आमच्या जावंच्या गावात समद्यांला म्हायती हाय. तिकडचं सरकारच येगळं."

ही चूक आपल्याच भागात होऊ शकते, गोदा. इकडच्यांनी तिकडच्या सरकारबद्दल काहीही ऐकावं आणि तिकडच्यांनी इकडच्या, आणि दोघांनीही मान डोलवावी. तिकडं तुरीला भाव जास्त, इकडं बायकांना बस फुकट, तिकडं हे मिळतं, इकडं ते. त्यात एक नावघर खपून गेलं.

मी हे तुला हसत हसत सांगितलं आणि तुझा चेहरा उतरला. तू विचारत विचारत मुळाशी गेलीस. बातमी निघाली होती चंद्रक्काच्या घरातून. तिच्या लेकीला, अंबिकाला, उमरग्याकडचं स्थळ आलं होतं. पोरगी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, अठराची व्हायची होती. घरदार, शेती, ट्रॅक्टर बघून बापानं होकार दिलेला. आणि चंद्रक्कानं घरात सांगितलं, तिकडं असा असा कायदा आलाय, पोरीचं नाव जमा होईल, सही जमा होईल, उद्या तिच्या वाट्याचं रान तिच्याकडून आपल्या नावावर लिहून घ्यायचं म्हटलं तर जमायचं नाही. बाप बिचकला. स्थळ परत गेलं.

मला तर नाचावंसं वाटलं. तुला नाही.

बसस्टँडच्या मागं रसवंतीच्या बाकावर आपलं भांडण झालं, ते मला शब्दन् शब्द आठवतं. तू म्हणालीस, "मी जागं करायला लिहिलं, सुजा. फसवायला न्हाई."

"पोरगी शिकायलीय. फसवलं तर फसवलं."

"आणि उद्या त्यांना कळलं, ही गोष्ट होती, तर? मग वकीलबाईचा तक्ता पण गोष्टच वाटंल. खरा कायदा सांगायला गेले तर म्हणतील, ही टीचर मनाचं लिहिते."

"तुझ्या खरेपणापायी तिला बोहल्यावर चढवू नको."

"मी जाणार. चंद्रक्काला सगळं सांगणार."

"जा," मी म्हणाले. "आणि मग मला तोंड दाखवू नको."

रस तसाच टाकून तू उठलीस. पुढच्या शनिवारी आपण शेडमध्ये गेलो तर सगळं नेहमीसारखं. चंद्रक्का थापतेय, तू वाचतेस. अंबिकाचं कॉलेज चालू. परत येताना मी तुला कोपरानं ढोसून म्हणाले, "शेवटी माझंच ऐकलंस ना?" तू हसलीस आणि म्हणालीस, "चहा पाज." मी पाजला. तुझ्याशी घातलेला एवढा एकच वाद मी जिंकले, असं मी आत्तापर्यंत धरून चालले होते. अधूनमधून तुला तो ऐकवायचेसुद्धा. तू दर वेळी चहा मागायचीस.

परवा शेडमधल्या बायका तुझ्या घरी आल्या. उशीर झाला म्हणून मी बाहेर बघायला गेले, तर गल्लीच्या तोंडाशी त्या गोंधळून उभ्या होत्या. कोपऱ्यावर बॅनर लावलाय, तुझा तो मुलाच्या बारशातला फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरात 'कै. सौ. वैशाली' आणि भाऊजींचं नाव. पोरांना त्यांनी विचारलं होतं, "गोदाअक्काचं घर कोनतं?" पोरांनी सांगितलं, हितं कुणी गोदाअक्का न्हाई. त्या परत फिरायच्या बेतात होत्या.

अंबिका बॅनरखाली उभी होती. आता ती डिग्रीला आहे, बीदरला हॉस्टेलात राहते, मुद्दाम बस पकडून आली होती. फोटोकडं बघून ती म्हणाली, "फोटो टीचरचा हाय, नाव कामून दुसरं लिहिलेत?"

मी सांगितलं, सासरचं नाव आहे.

ओट्यावर बसल्यावर चंद्रक्का माझ्या जवळ सरकली. म्हणाली, "टीचर, आता त्या ऱ्हायल्या न्हाईत म्हनून सांगते. त्या आल्त्या माझ्याकडं. त्याच हप्त्यात."

"कशाला?"

"खरं सांगायला. मला म्हनल्या, चंद्रक्का, तसा कायदा न्हाई, मी मनानं लिहिलेय, तुला फसवल्यावानी झालं, माफ कर. हात जोडल्या की हो. मी म्हनले, अक्का, मला काय येडी समजायलाव? मला म्हायती हाय गोष्ट हाय म्हनून. पन आमचा मालक गोष्टीला भितोय का?"

मग तू तिला खरा कायदा सांगितलास म्हणे. अठराच्या आत लग्न लावलं तर गुन्हा आहे, इकडं पण, तिकडं पण, तोच सांग नवऱ्याला. आणि ती तुला म्हणाली, "त्याला कोन भितंय अक्का? त्यो समद्या गावानं मोडलेला कायदा हाय. मोडायचा कसा ते पोराटोरांला बी म्हायती हाय. नव्या कायद्याला भितेत, कामून की त्यो अजून कुनी मोडून बघितला न्हाई."

चंद्रक्कानं तुला गळ घातली, पोरगी मार्गी लागेपर्यंत तोंड उघडू नका, कुणाजवळ नाही, सुजाता टीचरजवळ पण नाही; त्यांच्या पोटात काही ऱ्हात न्हाई. "त्या उठून दारापातूर गेल्या, परत आल्या," चंद्रक्का म्हणाली. "मग म्हनल्या, मला खोटं बोलता यायचं न्हाई. कुनी इचारलं तर सांगनार. पन न्हाई इचारलं तर मी बी सांगनार न्हाई. मी म्हनले, बास झालं, कोन इचारतंय?"

खरंच कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. मी फक्त जिंकल्याचं ऐकवत राहिले. एकदा जरी सरळ विचारलं असतं, गेली होतीस का, तर तू सांगितलं असतंस. तू वाट बघत होतीस का, मी विचारीन म्हणून? हे आता कुणाला विचारू? हरले याचं काही नाही. तू एकटीनं ते एवढे दिवस पोटात ठेवलंस, आणि मी शेजारी बसून चहा पीत होते, हे मला नीट लागायला हवं होतं. तेव्हा लागलं नाही. मी चंद्रक्काला विचारलं, चहा घेणार का.

चहा घेऊन भाऊजीच आले. तुला माहीत आहे ते कसे आहेत. आडतीवरून आले की मोबाईलवर तुरीचे भाव बघत बसणारे, तुझ्या गोष्टीचा एक कागद कधी न वाचलेले, आणि तू दवाखान्यात होतीस तेव्हा तुझ्या उशाशी खुर्चीवरून न उठलेले. वाईट माणूस नाहीत. बॅनरवर वैशाली लिहिताना त्यांच्या मनात दुसरं काही आलंच नसणार.

चंद्रक्कानं कप हातात घेतला आणि खाली ठेवला. म्हणाली, "अण्णा, त्या फलकावरचं नाव बदला."

"कामून? चुकलं का काई?"

"आता नवा कायदा हाय. बाई गेली की तिचं माहेरचं नाव परत द्यावं लागतंय. दहाव्याच्या आत."

तिचा चेहरा अगदी सरळ होता. बाकीच्या बायका जमिनीकडं बघत होत्या. अंबिकानं ओढणी तोंडाशी धरली. भाऊजी गोंधळले, त्यांनी सगळ्यांकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. शिकलेली, सरकारी नोकरीतली, तुझी मैत्रीण. "सुजाताताई, व्हय का?"

गोदा, त्या क्षणी तू माझ्या शेजारी असतीस तर माझा हात धरला असतास, मला माहीत आहे. म्हणाली असतीस, खरं सांग. म्हण, कायदा न्हाई, पण द्यायला पाहिजे. आणि मी तसं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, असू द्या आता, छापून झालंय.

मी म्हणाले, "व्हय, भाऊजी."

त्यांनी खरं मानलं की माझा मान राखला, मला सांगता येणार नाही. ते उठले, दारात पायरीवर गेले आणि बॅनरवाल्याला फोन लावला. तुमच्या ओट्यावर रेंज नसते, तू त्याच पायरीवर उभं राहून केलेले अर्धे फोन मी ऐकलेत. "नाव बदलायचंय," ते म्हणाले. पलीकडून त्यानं विचारलं असणार, काय लिहू. भाऊजी थांबले. एवढ्या वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. बहुतेक तूही नाही.

"गोदावरी," ते म्हणाले.

त्याला ऐकू गेलं नाही.

"गोदावरी!" ते मोठ्यानं म्हणाले. "अरे न्हाई, वैशाली न्हाई! गोदावरी! गोदावरी लिही!"

गल्लीतली पोरं थांबून बघायला लागली. सासूबाई हात पुसत आतून आल्या आणि चौकटीला धरून उभ्या राहिल्या. चंद्रक्कानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला त्या वेळी, पहिल्यांदाच, छातीत दुखलं, आणि मी ते दुखू दिलं.

तू होती नव्हती ती सगळी अक्कल लावून जगातलं वाईटात वाईट गाव लिहिलंस, तरी तिथल्या लोकांकडून मेलेल्या बाईचं नाव तेवढं परत देववलंस. आमच्याकडं ते खोटं बोलून मिळवावं लागलं. आता माझ्याशी भांडायला तू पाहिजे होतीस. गल्लीभर सगळ्यांना ऐकू गेलं गं, एक तू सोडून.